थुंकीचं माप

सोमवार, ११ नोव्हेंबर २०२४

थुंका म्हणे! मला!

चौतीस वर्षं शाळेच्या व्हरांड्यात थुंकणाऱ्यांचे कान पिळले, आणि आज एक पोरगी माझ्या हातात रेघांचा प्लास्टिकचा पेला देऊन सांगते — "मॅडम, पाच मिनिटं. गिळायचं नाही. तोंडात येईल ते सगळं यात सोडायचं."

येईल ते! येत असतं तर इथे कशाला आले असते?

पाच मिनिटं पेल्यावर मान घालून बसले, पाटीवर वाकलेल्या म्हशीसारखी. शेजारच्या खुर्चीत गुटख्याने जबडा धरलेला एक रिक्षावाला दातांत लाकडी पट्ट्या घालून तोंड उघडायची कसरत करत होता. नजर सगळी माझ्या पेल्यात. शेवटी तळाला ओलसर डाग पडला. पोरीने तो सिरिंजमध्ये ओढला, उजेडात धरला. "पॉइंट दोन एमएल." वहीत लिहून टाकलं. माझ्या थुंकीचं माप आता दुसऱ्याच्या वहीत!

दीड वर्ष झालं याला. आधी डोळे कोरडे, मग तोंड. मुंबईच्या डॉक्टरने नाव सांगितलं — शोग्रेन. शरीर आपल्याच ग्रंथींना शत्रू समजतं आणि मारून टाकतं. औषध घेतलं तर घामाने निथळते आणि छाती धडधडते, म्हणून बंद. तेव्हापासून मऊभात, पेज, कुळथाची पिठी. भाकरीचा तुकडा टाळूला चिकटतो तो बोटाने काढावा लागतो. गेल्या वर्षी शाळेच्या स्नेहसंमेलनात बोलायला उभी राहिले, आणि "विद्यार्थी मित्रहो" यातला "त्र" निघेना. जीभ टाळूला चिकटली आणि माइकमधून टक्‌ असा आवाज आला. दोनदा. पुढच्या रांगेतली पोरं हसली. शेट्येबाईंसमोर पोरं हसली!

येत्या २५ जानेवारीला शाळेला पंचाहत्तर वर्षं होतात. मुख्य भाषण माझं आहे. म्हणून डॉ. मलुष्ट्यांकडे गेले. दातांचे डॉक्टर असले तरी या तोंडाच्या विकारांचं शिकून आलेत. म्हणाले, "बाई, ग्रंथी अजून साफ मेलेल्या नाहीत. गालावरून बारीकसा करंट देऊन त्यांच्या नसा जाग्या करून बघू. सगळ्यांना गुण येतोच असं नाही. सोमवार, बुधवार, शुक्रवार या."

वैष्णवी स्कूटरवरून सोडते म्हणाली. सुनेच्या मागे बसून थुंकायला जायचं! हेही लिहिलं होतं नशिबात.

बुधवार, १३ नोव्हेंबर

दोन्ही कानांपुढे, गालफडाच्या वर, गार जेल लावून काळ्या रबराच्या चकत्या चिकटवल्या. वायरी एका डबीत. डबी जुन्या ट्रान्झिस्टरएवढी, तिला दोन बटणं — फिरवायची. पोरगी बटण हळूहळू फिरवते आणि विचारते, "मुंग्या आल्या की हात वर करा मॅडम." मी हात वर करायचा! वर्गात!

मुंग्या आल्या खऱ्या. गालात, मग जिभेच्या कडेला. दुखत नाही. वीस मिनिटं तसंच. मग पुन्हा पेला. पॉइंट तीन.

पोरीचं तोंड मास्कच्या आत. फक्त डोळे दिसतात. छातीवर पट्टी — स्वप्ना जाधव, फिजिओथेरपिस्ट.

"कुठले जाधव?" मी विचारलं.

"इकडचेच मॅडम."

"इकडचे म्हणजे?"

"इकडचेच." आणि वायर गुंडाळायला लागली.

समजायचं ते समजले. अभिमानाने सांगण्यासारखं असतं तर सांगितलं नसतं का?

शुक्रवार, १५ नोव्हेंबर

सापडली!

वीस मिनिटं झाल्यावर म्हणाली, "मॅडम, थोडं पानी प्या."

पानी.

तो "न" मी विसरेन? आठवी ब. खिडकीच्या बाजूची तिसरी रांग. जाधव. पहिलं नाव आठवत नाही, मी सगळ्यांना आडनावानेच हाक मारायची. तेच डोळे — खाली न घालता बघणारे. आज मास्कवरून तेच बघत होते.

आणि मॅडम म्हणते! माझ्या हाताखालून गेलेली प्रत्येक पोर आजही मला बाई म्हणते, कलेक्टर कचेरीतले साहेबसुद्धा. हिला बाई म्हणायला जड जातं. ओळख दाखवायची नाही, असं ठरवलंय तर.

दाखवू नको. मीही दाखवणार नाही.

रविवार, १७ नोव्हेंबर

काय झालं होतं ते एकदा लिहूनच टाकते, म्हणजे डोक्यातून जाईल.

चौदा वर्षं झाली असतील. धडा वाचायला उभी केली. "विहिरीचं पानी आटलं." मी म्हटलं, पाणी. ती म्हणाली, पानी. जीभ मागे वळव — पाणी. पानी. वर्ग खुसखुसायला लागला. मी तिला फळ्याजवळ उभी केली. बाण, खाण, वेणी, लोणी, पाणी. म्हण. बान, खान... ऑक्टोबरचा उकाडा होता. अर्धा तास म्हणत होती. ओठ पांढरे पडले. मग म्हणाली, "बाई, पानी पिऊन येऊ?"

मी म्हटलं, "आधी नीट माग. मग मिळेल."

तिला काही ते नीट मागता आलं नाही. तास संपला.

एवढंच. त्यात काय? शुद्ध बोलायला शिकवणं गुन्हा आहे का? तशी शिकवली म्हणून तर आज पट्टी लावून उभी आहे.

(सबंध वर्ग हसत होता हे खरं. पण मी हसले नव्हते.)

बुधवार, २० नोव्हेंबर

वैष्णवी स्वयंपाकघरात माझ्या नितेशशी फोनवर बोलत होती. तो जहाजावर, आवाज तुटतो म्हणून ही मोठ्याने बोलते. "हो, आईंचं बरं आहे. नाही हो, बोलत नाहीत फारशा, जीभ चिकटते ना. खरं सांगू? घरात जरा शांत वाटतं."

शांत वाटतं! वाटू दे. आज पॉइंट चार. दिवस मोज म्हणावं.

शुक्रवार, २२ नोव्हेंबर

आज चारचौघांत तिची शिकवणी घेतली. वेटिंगमध्ये पाचसहा पेशंट होते, दार उघडं होतं. तिने रिसेप्शनच्या गोदाला हाक मारली, "गोदाताई, मॅडमना पानी द्या." मी चकत्या लावलेल्या अवस्थेतच म्हटलं, "पाणी. ण. जीभ वर वळव. एवढी शिकलीस, आपली भाषा नाही शिकलीस?"

बाहेर कुणीतरी हसलं. गोदा पेला घेऊन दारातच थांबली.

पोरीने चकती नीट दाबली. मग म्हणाली, "पाणी. बरोबर मॅडम?" अगदी शांत. आणि बटण फिरवलं.

त्या वेळी मुंग्या जरा जास्तच आल्या. जास्तच होत्या. मला कळत नाही का?

सोमवार, २५ नोव्हेंबर

पॉइंट सहा. डॉक्टर खूश. "बाई, तुम्ही चांगला रिस्पॉन्स देताय." म्हटलं, मी पहिल्यापासूनच पहिल्या नंबराची.

पण ती सूड घेते आहे. आज मुद्दाम डोळे मिटून बसले आणि मनातल्या मनात मोजलं. दर दोन मिनिटांनी ती बटणाला हात लावते. विचारलं तर म्हणे, "सवय होते ना मॅडम नसांना, मग थोडं वाढवावं लागतं." उत्तरं सगळी पाठ!

शनिवार, ३० नोव्हेंबर

भाकरी खाल्ली! तांदळाची, अर्धी, वर नुसतं लोणी. मध्ये पाण्याचा घोट नाही. तुकडा तोंडात फिरला, भिजला, उतरला. वैष्णवी समोर उभी राहून बघत होती. म्हणाली, "आई, गेली की हो!" तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मी म्हटलं, "करपली होती एका बाजूने."

बरं वाटलं पण. दीड वर्षाने भाकरीची चव.

शुक्रवार, ६ डिसेंबर

गेले तर पोरगी नाही. गोदा म्हणाली, "आज सहा डिसेंबर ना ओ बाई. ती मुंबईस गेली, दादरला. दर वर्षी जाता."

म्हणजे माझा अंदाज बरोबर. कुठले जाधव ते कळलं.

माझी एक खेप फुकट. भाषणाला पन्नास दिवस उरले आणि हिला रजा हवी!

सोमवार, ९ डिसेंबर

आजचं लगेच लिहून ठेवते.

झालं असं. चकत्या लावल्या, मुंग्या सुरू झाल्या. तेवढ्यात आतल्या खोलीतल्या पेशंटला ओकारी आली म्हणून डॉक्टरांनी तिला हाक मारली. "दोन मिनिटं मॅडम, हलू नका," म्हणून गेली. डबी माझ्या उजव्या हाताशी, खुर्चीच्या दांडीवर.

शुक्रवारची खेप बुडाली होती. आज चकत्या लावण्याआधी पेल्यात पॉइंट पाचच आलं होतं, मागच्यापेक्षा कमी. मला वाटलं थोड्याने एवढं येतं तर जास्तीने जास्त येईल. तिच्या मनात असेल तेव्हाच वाढवायचं का? गाल माझे आहेत!

बटण फिरवलं. एकदम बरंच फिरलं.

जबडा खटकन मिटला. जीभ दातांत. तोंड एका बाजूला ओढलं गेलं, गालाला कुणीतरी चिमटा लावून पिळावं तसं. मी ओरडले असेन. ती धावत आली, बटण बंद केलं, चकत्या काढल्या. डॉक्टर मागोमाग. ओठावर रक्त. डॉक्टरांनी डबीकडे बघितलं. "स्वप्ना, हे एवढं कुणी ठेवलं?"

तिने माझ्याकडे बघितलं. तेच डोळे.

मी म्हटलं, "हिनेच वाढवलं आणि निघून गेली."

"मी नाही सर. मी सहावर ठेवून गेले होते."

"मग काय मी लावला हात?" मी म्हटलं. "पहिल्या दिवसापासून ही माझ्यावर डूख धरून आहे. जुनं उकरून काढते आहे."

"जुनं काय मॅडम?" म्हणते! काय तो अभिनय!

बाहेर पेशंट उभे राहून बघत होते. माझ्या ओठाला रक्त, पांढरे केस, डोळ्यांवर गडद चष्मा. विश्वास कुणावर बसणार?

डबी माझ्या हाताशी ठेवलीच कशाला तिने? हा हलगर्जीपणा नाही का? आणि आज ना उद्या केलंच असतं तिने ते. मी फक्त आधी केलं.

मंगळवार, १० डिसेंबर

डॉक्टर म्हणाले, लेखी दिलंत तर मला काहीतरी करता येईल. दिलं. दीड पान. एकही काना-मात्रेची चूक नाही.

गुरुवार, १२ डिसेंबर

काढली तिला. वैष्णवीने बातमी आणली. "आई, पण तुम्ही नक्की बघितलंत ना तिला बटण फिरवताना?"

"माझ्या डोळ्यांना कोरड आली आहे, आंधळेपणा नाही."

गालावरचा चकतीचा लाल डाग आज फिका झाला. आरशात बघून जरा वाईट वाटलं — अजून दोन दिवस राहता तर बरं होतं.

सोमवार, १६ डिसेंबर

आता मशीन गोदा लावते. जेल कमी घालते, चकत्या घसरतात. एक कानाखाली गेली तर मानेला मुंग्या! म्हटलं, अगं वर, वर! म्हणते, "बाय माझे, माका काय त्यातला कळता? स्वप्नाताय असती तर..." आणि माझ्याकडे बघून चकती दाबायला लागली.

पॉइंट तीन.

शुक्रवार, २० डिसेंबर

पॉइंट दोन. पहिल्या दिवशी होतं तेवढंच.

भाषण वाचून बघितलं. दुसऱ्या परिच्छेदात जीभ चिकटली. टक्‌.

डॉक्टर म्हणतात, शिकलेलं माणूस रत्नागिरीत पटकन मिळत नाही, पुढच्या महिन्यात बघू. पुढच्या महिन्यात मला भाषण आहे! दुपारी चहात बुडवलेलं बिस्किटसुद्धा घशात अडलं. वैष्णवीने पाठीवर थापट्या मारल्या. बराच वेळ खोकत होते. तिच्या हातांचा तो स्पर्श, लहान पोराला थोपटल्यासारखा! नको वाटलं.

रविवार, २२ डिसेंबर

सकाळी बेल वाजली. वैष्णवीने दार उघडलं आणि मागे वळून म्हणाली, "आई, स्वप्ना आली आहे."

भांडायला आली असेल म्हणून मी सरळ होऊन बसले. ती आत आली, चपला बाहेर काढून. मास्क नव्हता. पहिल्यांदा अख्खा चेहरा पाहिला.

रुंद हनुवटी. वरच्या ओठावर जुन्या टाक्याची रेघ, लहानपणी शिवलेली असावी. पुढच्या दातांत फट.

हा चेहरा माझ्या वर्गात कधीच नव्हता.

चौतीस वर्षांत चेहरा विसरलेली नाही मी. नावं विसरते, चेहरा नाही. त्या आठवीतल्या पोरीची हनुवटी निमुळती होती. दात एकसारखे, मोत्यासारखे.

"बस," वैष्णवी म्हणाली. ती बसली नाही.

"मॅडम, मी भांडायला नाही आले. माझं काय चुकलं तेवढं सांगा. जुनं काय ते सांगा. मी रात्रंदिवस आठवते आहे. मी तुम्हाला आधी कधी बघितलेलंसुद्धा नाही."

मी म्हटलं, "शाळा कुठली तुझी?"

"पोफळी. वडील पॉवरहाऊसला होते ना. दहावीपर्यंत कॉलनीतच. मग चिपळूण, मग कॉलेज कराडला. रत्नागिरीत मी नोकरी लागल्यावर आले, दोन वर्षं झाली."

घशात काहीतरी चिकटलं. थुंकी नव्हतीच, गिळू काय?

ती म्हणाली, "मॅडम, बटण तुमच्याकडून फिरलं असेल चुकून. होतं तसं. कुणी तुम्हाला काही बोलणार नाही. पण मला कुणी घेत नाही आता. दोन ठिकाणी जाऊन आले. पेशंटला शॉक दिला ती हीच ना, म्हणतात. माझा भाऊ सम्यक देवरूखला इंजिनीअरिंगला आहे, शेवटचं वर्ष. वडील अंथरुणाला आहेत. तुम्ही फक्त सरांना सांगा ना."

वैष्णवी माझ्याकडे बघत होती. हातात स्वप्नासाठी आणलेला पाण्याचा पेला तसाच.

"मला काही आठवत नाही," मी म्हटलं. "वय झालं माझं."

स्वप्नाने वैष्णवीच्या हातातला पेला घेतला, उभ्याउभ्या सगळं पाणी प्यायली. मला म्हणाली, "जेल जास्त घालायला सांगा गोदाताईंना. आणि चकती कानाच्या पाळीच्या एक बोट पुढे, खाली नाही. मग येईल तुम्हाला." आणि गेली.

दुपारभर वैष्णवी माझ्याशी एक शब्द बोलली नाही. शांत वाटतं म्हणाली होती ना! मला आज ती शांतता सहन होईना.

सोमवार, २३ डिसेंबर

राही.

पहाटे जाग आली तेव्हा जिभेवर होतं. राही जाधव. आठवी ब, हजेरी क्रमांक एकतीस.

त्या दिवसानंतर ती वर्गात कधी बोलली नाही. हजेरीलासुद्धा नुसता हात वर करायची. दिवाळीच्या सुट्टीनंतर आली नाही. एकदा तिची आई आली होती, शाळा सोडल्याचा दाखला न्यायला. मी विचारलं नाही का म्हणून. पुढच्या महिन्याच्या पटातून नाव कमी केलं. उरलेल्यांचे क्रमांक एकेकाने वर सरकले.

आता ती कुठे असेल, कुणास ठाऊक.

मग मी हिच्यात काय बघितलं? आडनाव. आणि एक "न". बाकी सगळं मास्कच्या आत होतं, आणि ते मी माझ्या मनाने भरलं. उद्या कुणी मला विचारलं की बाई, तुमच्यावर कोण डूख धरून होतं, तर काय सांगू?

मंगळवार, २४ डिसेंबर

ठरलं. डॉक्टरांना खरं सांगायचं. वाक्य तयार केलं — "डॉक्टर, बटण मीच फिरवलं, त्या मुलीचा दोष नाही." दहाच्या आत शब्द. पाठ केलं. मोठ्याने म्हणून बघितलं, जीभ चिकटली नाही.

वैष्णवीला सांगितलं, शुक्रवारी मी डॉक्टरांशी एकटीने बोलणार आहे. तिने मान वर केली. दोन दिवसांनी प्रथमच माझ्या डोळ्यांत बघितलं.

शुक्रवार, २७ डिसेंबर

गेले. वैष्णवी खाली स्कूटरवर थांबली. गोदाला बाहेर जायला सांगितलं. डॉक्टर समोर बसले.

"बोला बाई."

वाक्य तयार होतं. तोंड उघडलं. तेवढ्यात तेच म्हणाले, "त्या दिवसाची मला अजून लाज वाटते. माझ्या शाळेच्या बाई, आणि माझ्याच दवाखान्यात असं व्हावं! तुमच्याऐवजी दुसरं कुणी लिहून दिलं असतं तर मी दहादा चौकशी केली असती. पण शेट्येबाईंचा शब्द!"

शेट्येबाईंचा शब्द.

हे डॉक्टर सभेला येणार. पहिल्या रांगेत बसणार. यांची बायको येणार, गोदाची पोरं त्याच शाळेत आहेत. आज मी ते वाक्य बोलले तर २५ तारखेला मी उभी राहीन तेव्हा मांडवापासून मिरकरवाड्याच्या बंदरापर्यंत सगळ्यांना माहीत असेल — बाई खोटं बोलल्या. लेखी. दीड पान.

मी म्हटलं, "डॉक्टर, झालं गेलं. मी मोठ्या मनाने त्या मुलीला क्षमा करायला तयार आहे. पोटावर कशाला पाय द्यायचा कुणाच्या? परत घ्या तिला. तिने तुमच्यासमोर एकदा चूक कबूल केली, माझी माफी मागितली, की माझ्याकडून विषय संपला."

माझ्याच तोंडून! अडखळ नाही, टक्‌ नाही. एकेक शब्द घासून पुसून ठेवलेल्या तांब्यासारखा.

डॉक्टर उठून माझ्या पाया पडले.

रविवार, २९ डिसेंबर

शुक्रवारी जिना उतरून खाली आले तर वैष्णवीने विचारलं होतं, "सांगितलंत?"

"सांगितलं."

"परत घेणार?"

"घेणार."

तिने भर रस्त्यात माझा हात धरला. आज सकाळपासून माझ्यासाठी खपते आहे. घावन केले, नारळाच्या रसात भिजवून, मला गिळायला जड जाऊ नये म्हणून. समोर बसून एकेक वाढत होती. "आई, मला माहीत होतं तुम्ही सांगाल. नितेशनापण कळवलं मी. म्हणाले, माझी आई कडक आहे पण खोटी नाही."

चार घावन खाल्ले. गोड होते.

शुक्रवार, ३ जानेवारी २०२५

स्वप्ना आली. डॉक्टरांनी तिला माझ्या खुर्चीसमोर उभं केलं, गोदा दारात होती. मास्क हातात घेऊन ती म्हणाली, "मॅडम, चूक माझी होती. मला माफ करा." प्रत्येक शब्द शुद्ध होता. मी मान हलवली, माफ केलं. मग ती जेल घेऊन माझ्या गालाकडे वाकली, तिचे डोळे भरलेले होते — आणि चकत्या अजून तिच्या हातातच होत्या, तेव्हाच माझ्या तोंडाला पाणी सुटलं.